जालन्याची मॅच राहून गेली

मागच्या महिन्यात परभणीच्या आमच्या कॉलेजातून फोन आला, माजी खेळाडूंची मीटिंग ठेवलीय, रविवारी दहाला या म्हणून. मला वाटलं मॅटसाठी वर्गणी गोळा करायची असंल. गेलो तर विषय वेगळाच निघाला. संस्थेच्या मनात असं चाललंय की आपलं कॉलेज नांदेडच्या विद्यापीठातून बाहेर काढायचं आणि संस्थेचीच बाकीची कॉलेजं जोडून स्वतःचं विद्यापीठ करायचं, अजून कागद कुठं गेलेले नाहीत, नुसता विचार चालू आहे, पण स्पोर्ट्सचं काय होईल यावर जुन्या पोरांचं मत पाहिजे होतं.

स्पोर्ट्सवाल्या सरांनी बोर्डावर काढून दाखवलं. आत्ता आपली कबड्डीची टीम आधी इंटर कॉलेज खेळते, तिथून विद्यापीठाची टीम निवडतात, बारा जणांत आपली दोन नाहीतर तीन पोरं लागतात आणि मग ती टीम वेस्ट झोनला जाते, म्हणजे पश्चिम भागातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला. उद्या आपलंच विद्यापीठ झालं तर आपली बाराच्या बारा पोरं डायरेक्ट वेस्ट झोनला. निवड शिबिर नाही, कोणाचं नाव कापलं कोणाचं लागलं ही भांडणं नाहीत. आणि आंतरविद्यापीठचं सर्टिफिकेट पोरांना पुढं किती कामाला येतं ते मी सांगायला नको. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, मी पण वाजवल्या, कारण सर मनापासून बोलत होते आणि त्यांनी या पोरांसाठी केलेलं मी डोळ्यानं बघितलंय.

पण गाडी काढून स्टेशन रोडला लागलो आणि डोक्यात जालना सुरू झालं. ते काय ते सांगतोच, पण त्याच्या आधी भाच्याचं सांगावं लागंल, कारण गेली दोन-तीन वर्षं हा विषय माझ्या डोक्यात त्यानंच घातलाय.

माझ्या अक्काचा पोरगा इथं कृषी विद्यापीठात शिकला आणि २०२३ च्या सप्टेंबरात एमएस करायला अमेरिकेत ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत गेला, कॉर्वॅलिस नावाचं गाव आहे. ते पण मुळात ॲग्रिकल्चर कॉलेजच, म्हणून अक्काला सांगितलं होतं की काळजी करू नको, परभणीतून परभणीतच गेलाय समज. पोहोचून आठ दिवस झाले नसतील, शनिवारी सकाळी साडेसहाला त्याचा व्हिडिओ कॉल. "मामा, झोपलाव का? हे बघा." मागं सगळं स्टेडियम नारंगी. तिथं शुक्रवारची संध्याकाळ होती, २९ सप्टेंबर, यूटा नावाच्या युनिव्हर्सिटीसोबत फुटबॉलची मॅच होती, त्यांचं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून हातात बॉल घेऊन पळायचं ते. ह्यांनी २१-७ नं जिंकली. कॉलेजच्या मॅचला पस्तीस हजार माणूस मावंल एवढं ग्राउंड, मला खरंच वाटंना.

मी म्हणलं, भारीच आहे रे. तर हा म्हणतो, मामा, भारी आहे, पण सगळे म्हणतेत हे शेवटचं वर्ष आहे, पुढच्या वर्षी खेळायला कोणी उरणार नाही. मला काही कळंना. टीम तुमची, ग्राउंड तुमचं, माणसं तुमची, मग कोण उरणार नाही?

मग त्यानं समजावून सांगितलं. तिकडं कॉलेजच्या टीम कॉन्फरन्समध्ये खेळतात. कॉन्फरन्स म्हणजे आठ-दहा-बारा युनिव्हर्सिट्यांचा गट, दरवर्षी आपसात खेळायचं, टीव्हीचे हक्क गटानं मिळून विकायचे आणि आलेला पैसा वाटून घ्यायचा. ऑरेगन स्टेट ज्या गटात होती त्याचं नाव पॅक-ट्वेल्व्ह, १९१५ साली सुरू झालेला. सुरू करणारे चौघं होते, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन आणि ही ऑरेगन स्टेट. म्हणजे हे काय मागून आलेले नव्हते, घर बांधणाऱ्यांपैकी होते.

२०२२ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या युनिव्हर्सिट्या, यूसीएलए आणि यूएससी, यांनी सांगून टाकलं की आम्ही बिग टेन नावाच्या दुसऱ्या गटात चाललो. त्या बिग टेननं दोनच महिन्यांनी टीव्हीवाल्यांसोबत सात वर्षांचा करार केला, ७ अब्ज डॉलरच्या वर. आणि इकडं पॅक-ट्वेल्व्हचा करार संपत आलेला, नवीन काही जमंना, शेवटी मोबाईल-इंटरनेटवर दाखवणाऱ्या ॲपलची एक ऑफर आली, त्यात किती लोक पैसे भरून बघतील त्यावर हिशोब. कोणाला भरवसा वाटंना. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला एका दिवसात ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला, ॲरिझोनाच्या दोन आणि यूटा बिग ट्वेल्व्ह नावाच्या तिसऱ्या गटात. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया पण गेले, ते कुठं, तर अटलांटिक कोस्ट नावाच्या गटात. एक समुद्र इकडं, एक समुद्र तिकडं. बाराचे उरले दोन, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. लोक त्याला पॅक-टू म्हणायला लागले.

म्हणजे आधी बघितलेली ती यूटाची टीम पण जाणाऱ्यांतलीच. ह्या दोघांना कोणी घेतलं नाही, कारण गावं लहान, टीव्ही बघणारं शहर जवळ नाही. खेळ वाईट होता म्हणून नाही. भाचा तिथं उतरला त्याच आठवड्यात, २३ सप्टेंबरला, ह्या उरलेल्या दोघांची आपसातच मॅच झाली होती, वॉशिंग्टन स्टेटनं ३८-३५ नं काढली, आणि दोन्ही टीम त्या वेळी चांगल्या जोरात होत्या. हे ऐकून मला लई लागलं. हरून बाहेर पडलं तर माणूस सोसतो. तुमच्या गावात टीव्ही कमी आहेत म्हणून बाहेर, हे कसं सोसायचं?

आता जालन्याचं.

मी कॉलेजला होतो तेव्हा एकच मराठवाडा विद्यापीठ होतं, औरंगाबादचं, १९५८ सालचं. सगळा मराठवाडा त्यात. इंटर कॉलेजला बीडची पोरं यायची, उस्मानाबादची, लातूरची, नांदेडची, औरंगाबादची तर असायचीच. १९९३ चं वर्ष, किल्लारीचा भूकंप झाला ते. आमची टीम त्या वर्षी जमून आली होती, सकाळी पाचला उठून मातीत पाणी मारायचो, चाळणी करून खडे काढायचो. फायनलला समोर जालन्याचं कॉलेज. आधीच्या वर्षी पण त्यांनीच आम्हाला सेमीत काढलं होतं.

त्यांचा डावा कॉर्नर होता एक, बुटका, रुंद, बोलायचा काहीच नाही. शेवटचा एक मिनिट राहिलेला, आम्ही एका पॉइंटनं मागं, रेड माझी. मी उजवीकडं झुकून दाखवलं, त्यांचा मधला हलला, मी पाय लांब टाकला आणि गड्याला टच पण केला, आणि मध्यरेषेकडं वळतो न वळतो तोच ह्या बुटक्यानं घोटा धरला. असा धरला की अजून त्या जागी हात लावला तर त्याचा पंजा आठवतो. बोटभर अंतरावर रेषा होती, माझी बोटं मातीत होती आणि रेषा पुढं होती. दम तुटला. शिट्टी. हारलो.

उठताना मी त्याला म्हणलं, पुढच्या वर्षी बघू. तो पहिल्यांदा बोलला, म्हणला, "ये की."

वर्षभर मी त्या घोट्यावर काम केलं. खोटं नाही सांगत, शेतात गेलो तरी पाय सोडवायची प्रॅक्टिस, धाकट्या भावाला धरायला लावायचो. जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला, डॉ. बाबासाहेबांचं नाव लागलं, १४ जानेवारी १९९४. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे तिकडं, हिंगोली तेव्हा परभणीतच होती. औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद जुन्या विद्यापीठात राहिले.

नांदेड जवळ, रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. मार्कमेमोसाठी औरंगाबादला चकरा बंद. सगळे खुश, मी पण. फिक्स्चर लागलं तेव्हा बोर्डापुढं उभा राहून वरून खालपर्यंत दोनदा वाचलं. जालना नव्हतंच. मी सरांना विचारलं, सर, जालना? सर म्हणले, अरे, ते आता आपल्यात नाहीत.

आपल्यात नाहीत. दोन शब्दांत सगळं संपलं. वाईट कोणी केलं नव्हतं, नांदेडचं विद्यापीठ व्हायलाच पाहिजे होतं, त्यासाठी लोकांनी किती वर्षं मागणी केली. आणि खरं सांगायचं तर त्याचा फायदा सगळ्यात आधी मलाच झाला. पूर्ण मराठवाड्यातून बारा निवडायचे तेव्हा माझं नाव कधीच लागलं नसतं, औरंगाबादची पोरंच भारी होती. एकाची दोन विद्यापीठं झाली म्हणजे बाराचे चोवीस झाले. पुढं मी नांदेडकडून वेस्ट झोन खेळून आलो, तो ब्लेझर अजून कपाटात आहे. म्हणून मी बदलाच्या विरोधात बोलायला लागलो तर ते खोटं होईल. पण ती मॅच राहून गेली, ती तीस वर्षं झाली तरी राहूनच गेलीय, आणि हे कोणत्याच हिशोबात धरलेलं नव्हतं. बोर्डावर मांडलेल्या फायद्या-तोट्यात 'जालना' असा रकानाच नसतो.

ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट ह्यांची मॅच १८९४ पासूनची. दोन गावांत अंतर किती, तर साधारण परभणी-नांदेड एवढंच. २०२३ च्या नोव्हेंबरात, एका गटात असतानाची शेवटची, ऑरेगननं ३१-७ नं जिंकली. भाचा सांगत होता की दुसऱ्याच दिवशी ऑरेगन स्टेटचा कोच दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेला, आणि तो कोच काय बाहेरचा नव्हता, त्याच कॉलेजकडून खेळलेला पोरगा. मग खेळाडू पण जायला लागले. मुलींची बास्केटबॉलची टीम २०२४ ला देशातल्या शेवटच्या आठात पोहोचली होती, आणि त्यानंतर त्यातल्या मेन मेन पोरी एकेक करून मोठ्या गटातल्या कॉलेजात गेल्या. त्यांना तरी काय म्हणायचं, चार वर्षं असतात हातात. पुढच्या सीझनला उरलेल्या आणि नव्या पोरींनी पाहुणे म्हणून ज्या लहान गटात जागा मिळाली होती त्याची ट्रॉफी मारली. हे मला त्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडलेलं आहे, मी त्याला दोनदा सांगायला लावलं.

तेव्हा ऑरेगन-ऑरेगन स्टेटवाल्यांनी एक केलं. गट वेगळे झाले तरी मॅच लगेच मोडू दिली नाही. १४ सप्टेंबर २०२४ ला परत खेळले, कॉर्वॅलिसलाच, ऑरेगननं ४९-१४ नं धुतलं. आणि त्याच दिवशी सिॲटलला वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट. वॉशिंग्टन म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत देशाची फायनल खेळलेली टीम. मागं टाकलेल्या वॉशिंग्टन स्टेटनं २४-१९ नं हरवली, अगदी शेवटी, एका यार्डावर त्यांना अडवून. मी तो तुकडा मोबाईलवर बघितला. हेल्मेट बिल्मेट सोडा, ती आमचीच पकड होती, रेषेच्या अलीकडं बोटभर.

भाचा म्हणतो, मामा, तरी ती मजा नाही. आधी वर्षभर नोव्हेंबरच्या शेवटच्या मॅचकडं बघत जगायचं, गट मोडल्यावर ती कॉलेज उघडायच्या आतच होऊन गेली. त्याचं बरोबर असंल. पण मला जालना सप्टेंबरात काय, मे महिन्याच्या उन्हात दिलं असतं तरी मी खेळलो असतो.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही, ती पण लिहितो. मागं राहिलेल्या ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटनं कोर्टात केस केली, गटाचा कारभार आणि पैसा आपल्या हातात राहील असा निकाल मिळवला, चांगलं झालं. मग २०२४ मध्ये त्यांनी पॅक-ट्वेल्व्ह परत उभं करायला शेजारच्या माउंटन वेस्ट गटातली पाच कॉलेजं उचलली, बॉयसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट अशी, २०२६ च्या जुलैपासून खेळायला. त्याच्या आधी वर्षभर ह्यांच्याशी मॅच खेळायला तोच माउंटन वेस्ट गट तयार झाला होता, त्याचे पैसे घेतले हे खरं, पण खेळायला तोच आला होता. आता वायोमिंग, न्यू मेक्सिको, हवाई ही मंडळी तिथं मागं राहिली. भाच्यासोबत ह्यावर माझं भांडण झालं. तो म्हणतो, मग काय दोघांनीच खेळत बसायचं का? त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण ज्याला ढकललं त्यानं ढकलायच्या आधी एकदा मागं बघावं, एवढं मला वाटतं.

तर कॉलेजच्या मीटिंगकडं येतो. त्या दिवशी टाळ्या वाजल्यावर मानवतकडचा एक स्पोर्ट्सचा मास्तर उभा राहिला, आमच्याच कॉलेजचा जुना खेळाडू, आता तिकडच्या एका लहान कॉलेजात आहे. तो म्हणला, "सर, तुम्ही वर गेलात तर आनंदच आहे. पण आमच्या पोरांना वर्षातून एकदा तुमच्याशी खेळायला मिळतं. तुमच्याशी पाच पॉइंटनं हारले तरी गावात आठ दिवस सांगत हिंडतात. तुम्ही निघून गेल्यावर त्यांनी कोणाशी हारायचं?" हॉल शांत झाला. त्याला कोणी उत्तर दिलं नाही, चहा आला.

दुसरं, बाराच्या बारा पोरं डायरेक्ट वेस्ट झोनला जातील हे खरं, पण त्याच्या आधी ती खेळणार कोणाशी? आत्ता इंटर कॉलेजला चार-पाच मॅच होतात, पाथरीची, गंगाखेडची, उदगीरची पोरं अंगावर येतात, तिथं पोरगं तयार होतं. स्वतःचं विद्यापीठ म्हणजे नुसती प्रॅक्टिस, आपल्याच पोरांवर आपलीच रेड, आणि मग एकदम रेल्वेनं राजस्थान नाहीतर गुजरात. तिथं बाद पद्धत. पहिल्या मॅचला हारलं की दोन रात्रीचा प्रवास करून चाळीस मिनिटं खेळून घरी. मी स्वतः असा परत आलोय, त्या रेल्वेत कोणी कोणाशी बोलत नाही.

आणि पोरी. मी गेली सहा वर्षं संध्याकाळी ग्राउंडवर पोरींच्या टीमला रेड शिकवायला जातो, म्हणून मला माहितीय. नांदेडला मॅच असली तर घरचे सोडतात, सकाळी गेली संध्याकाळी आली. पूर्णेची एक पोरगी आहे आमची, तिचे वडील मला म्हणले, मामा, नांदेडपर्यंत तुमच्या भरवशावर पाठवतो, पुढचं विचारू नका. आता तिच्या टीमचं वर्षच जर वेस्ट झोनपासून सुरू होणार असंल तर ती खेळणार कुठं? अमेरिकेत पण हेच ऐकलं. टीव्हीचा पैसा फुटबॉलवर आणि प्रवास व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, पोहणाऱ्या पोरींच्या माथी. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएच्या नव्या गटात न्यू जर्सीचं रटगर्स आहे, अंतर ४ हजार किलोमीटरच्या आसपास. परभणी ते गुवाहाटी सरळ रेघ मारली तर त्याच्या निम्मं पण भरत नाही. कोर्स, परीक्षा, जर्नल सगळं विमानात. आमच्या पोरींच्या नशिबी तर विमान पण नाही, स्लीपर क्लास आहे.

मी सरांना भेटून तीन गोष्टी सांगितल्या. विद्यापीठ करायचं तर करा, पण दरवर्षी डिसेंबरात आजूबाजूच्या कॉलेजांना बोलावून मातीवर स्पर्धा घ्यायची, हे प्रस्तावातच लिहा, तोंडी नको. मुलींची स्पर्धा त्याच दिवसांत, त्याच ग्राउंडवर, जेवणाची सोय कॉलेजनं करायची. आणि मानवतच्या मास्तरला कमिटीवर घ्या. सर म्हणले, पहिल्या दोन गोष्टी मांडतो, तिसरीचं संस्थेला विचारावं लागंल. पुढची मीटिंग पंधरा दिवसांनी आहे, मी जाणार आहे.

आणि काल एक फोन केला. जालन्याचा तो बुटका कॉर्नर मला मागं २०११ साली सेलूत एका लग्नात भेटला होता, पंगतीत शेजारी बसला, मी ओळखलं नाही, त्यानंच ताटावरून वर न बघता विचारलं, "घोटा कसाय?" तेव्हा नंबर घेतला होता, नंतर कधी लावला नाही. काल लावला. त्याच्याच जुन्या कॉलेजात आता त्याचा पोरगा खेळतो.

"काय परभणी, आज कशी आठवण?"

मी म्हणलं, डिसेंबरात तुमची टीम घेऊन या आमच्याकडं. स्पर्धा झाली नाही झाली, मॅच घेऊ.

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणला, "माती का मॅट?"

म्हणलं, माती. चाळून ठेवतो.